वतनदारांचे मत

ब्लॉकचेनवर चालणाऱ्या संस्थांना अध्यक्ष नसतो, संचालक मंडळ नसते, कचेरीही नसते. सभासदांपैकी कुणीतरी प्रस्ताव मांडतो, बाकीचे मत देतात, आणि ठराव मंजूर झाला की आधीच लिहून ठेवलेला कोड तो आपसूक अमलात आणतो. गेल्या दहा वर्षांत या पद्धतीने कोट्यवधी डॉलरच्या तिजोऱ्या चालवल्या गेल्या. ही लोकशाहीची पुढची पायरी आहे, असे तिचे पुरस्कर्ते मनापासून मानतात. महाराष्ट्रातल्या गावकारभाराचा इतिहास समोर ठेवून पाहिले, तर मला ते पटत नाही. या संस्थांमध्ये मत माणसाला नसते, त्याच्याजवळच्या टोकनांना, म्हणजे विकत घेता येणाऱ्या डिजिटल नाण्यांना असते. ज्याची टोकने जास्त, त्याचा शब्द जड. आपल्याकडे अशी रचना होऊन गेली आहे. तिच्यात मत वतनाला होते, वतन विकता येत होते आणि बिनवतनाच्या माणसाला सभेत उभे राहायला जागा नव्हती. आज नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्याच्या नावावर सातबारा आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. ही साधी वाटणारी व्यवस्था उभी राहायला कित्येक पिढ्या झगडाव्या लागल्या. त्या झगड्यातून मतदानाविषयी जे शहाणपण हाती आले, ते ब्लॉकचेनवाले आज एकेक अपघात सोसून नव्याने गोळा करत आहेत.

आधी या नव्या संस्थांचा कारभार समजून घेऊ. साधारणपणे कल्पनेवर प्रथम खुली चर्चा होते, मग लोकांचा कल अजमावणारे एक मतदान होते. त्यानंतर खरा प्रस्ताव ब्लॉकचेनवर जातो, पण तो मांडायलाही ठरावीक टोकने हाताशी असावी लागतात. 'युनिस्वॅप' या व्यवहारपेठेने सप्टेंबर 2020 मध्ये 'युनी' नावाची टोकने वाटली, तेव्हा प्रस्ताव मांडण्यासाठी 1 कोटी टोकनांचे बळ लागत असे. ज्यांनी पूर्वी ही पेठ वापरली होती, अशा सामान्य वापरकर्त्यांच्या वाट्याला 400 टोकने आली होती. म्हणजे असे 25 हजार जण एकत्र आले तर एक प्रस्ताव. ज्याला स्वतः मत द्यायला सवड नाही, तो आपल्या टोकनांचे बळ दुसऱ्याच्या हवाली करू शकतो. मतदान काही दिवस चालते, किमान किती टोकनांनी बाजूने मत दिले पाहिजे याची अट असते. मंजुरीनंतरही ठराव काही काळ अडवून ठेवतात, म्हणजे कुणाला पैसे काढून बाहेर पडायचे असेल तर पडता यावे. कागदावर हे सारे विचारपूर्वक आखलेले दिसते, आणि ते तसे आहेही. अडचण मत कुणाचे मोजायचे या पहिल्याच प्रश्नापाशी आहे.

मराठेशाहीतल्या गावात हा प्रश्न गोतसभा सोडवत असे. पाटलकीचा वाद असो, शिवेचा तंटा असो की वाटणीची भांडणे, गोत जमे, दोन्ही बाजू ऐके, साक्षी घेई आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर हजर वतनदार आणि बलुतेदार आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, महाजनाचा तराजू, न्हाव्याचा आरसा अशा खुणा जुन्या महजरांवर दिसतात. लिहिता न येणाऱ्या माणसाची ओळख पटावी आणि पुढे त्याला शब्द फिरवता येऊ नये, ही त्यामागची सोय होती. ब्लॉकचेनवरच्या डिजिटल सहीचे कामही नेमके हेच आहे. महजराला वजन होते ते समक्षतेमुळे. सही करणारा कोण, कुणाचा कोण, त्याचे कुणाशी वाकडे आहे, हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे. शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष निर्णायक ठरे, कारण शीव राखणे हे त्याचे काम. ज्याला ज्या गोष्टीचे ज्ञान, त्याचा त्या गोष्टीत शब्द, ही गोतसभेची मोठी बाजू होती, आणि टोकनाच्या मतदानात तिला कुठेच जागा नाही.

तरीही गोतसभेचे गोडवे गाताना जपून राहिले पाहिजे. तिच्यात बसण्याचा हक्क वतनातून येई. बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्या उपऱ्या कुळाला, मजुराला तिथे बरोबरीचे स्थान नव्हते. बायकांचा आवाज जवळजवळ नव्हताच. ज्या महाराची साक्ष शिवेवर निर्णायक मानली, त्यालाच इतर वेळी सभेच्या कडेला ठेवले. शिवाय वतन ही मिळकत होती. पाटलकी निम्मी विकली गेल्याची, गहाण पडल्याची, भावाभावांत वाटली गेल्याची कागदपत्रे पुष्कळ आहेत. पैसा असलेला माणूस गावच्या कारभारातला वाटा विकत घेऊ शकत असे. टोकनाचेही तेच आहे, म्हणून मी त्याला वतनाच्या पंक्तीत बसवतो. फरक एकच, आणि तो वतनाच्या बाजूने जातो. वतन हातोहात फिरत नसे. खरेदीला गोताची संमती लागे, साक्षी लागत, सरकारात शेरणी (शुल्क) भरावी लागे, आणि नवा वतनदार त्याच गावात राहून आपल्या निर्णयाचे फळ भोगे. टोकन क्षणभर उसने घेता येते. 17 एप्रिल 2022 रोजी 'बीनस्टॉक' या प्रकल्पावर हेच घडले. हल्लेखोराने एकाच व्यवहारात प्रचंड कर्ज उचलले, त्या बळावर दोन-तृतीयांशांहून अधिक मते मिळवली, आदल्या दिवशी स्वतःच मांडून ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडून टाकले. प्रकल्पाचे सुमारे 18 कोटी डॉलरचे नुकसान झाले. प्रस्ताव रीतसर मांडलेला होता, मते रीतसर पडली होती, आणि कोडने नेमून दिलेले काम चोख केले होते.

मिळकतीवरचे मत हटवण्याची लढाई आपल्याकडे इंग्रजी अमलात सुरू झाली. 1919 आणि 1935 च्या कायद्यांखाली प्रांतिक कायदेमंडळासाठी मत देण्याचा हक्क जमिनीचा सारा, घरभाडे, कर, शिक्षण अशा पात्रतांवर टांगलेला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना या पात्रतांवरच बोट ठेवले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या मिळकत धरू दिली नाही, त्यांच्याकडे मिळकत नाही म्हणून मत नाकारणे, हा दुहेरी अन्याय होता. पुढे सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, आणि 6 ऑक्टोबर 1932 रोजी मुंबई कायदेकौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना पंचायतींना अधिकार द्यायला हरकत घेतली. गाव एकजिनसी नाही, तिथे पंचाच्या आसनावर कोण बसणार हे आधीच ठरलेले असते, हे त्यांना पुरते माहीत होते. 1948 च्या नोव्हेंबरात घटना समितीतही त्यांनी गावाच्या भाबड्या स्तुतीचा समाचार घेतला. ब्लॉकचेनच्या संदर्भात ही भूमिका मला फार मोलाची वाटते. सत्ता केंद्राकडून काढून समुदायाकडे दिली की काम झाले, असे विकेंद्रीकरणाचे भक्त समजतात. समुदायाच्या आत कोण बलवान आहे, हा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो. स्वातंत्र्यानंतर वतने कायद्याने रद्द होत गेली. कुलकर्णी आणि परगणा वतने 1950 च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतने 1958 च्या आणि मुलकी पाटलांची पदे 1962 च्या कायद्याने. वतन जाणे आणि प्रौढ माणसाला मत मिळणे या दोन घटना आपल्याकडे एकाच दशकाच्या आगेमागे घडल्या. त्या एकमेकींशिवाय अपुऱ्या राहिल्या असत्या.

सहकाराने हाच नियम पैशाच्या व्यवहारातही आणून दाखवला. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच, आणि तेही स्वतः हजर राहून द्यायचे. प्रवरानगरपासून शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा साखर कारखान्यापर्यंत सगळे याच नियमावर उभे राहिले. सहकारी कारखान्यांत घराणेशाही शिरली, गटबाजी बोकाळली, हे कुणी नाकारणार नाही. तरीही निवडणुकीच्या वर्षी अर्ध्या एकराच्या सभासदाच्या दारात उमेदवाराला जावेच लागते. टोकनाच्या जगात तशी गरजच उरत नाही. दहा-वीस मोठ्या धारकांशी बोलणी झाली की पुरे.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला कायद्यात स्थान दिले, आणि तिथून पुढचा प्रश्न आला तो गणपूर्तीचा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर हवीत, असा नियम आहे. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे ज्याला सभा फार लोकांत होऊ द्यायची नाही, त्याला पहिली सभा पडली तरी चालते. गावाकडच्या कारभाऱ्यांना ही पळवाट नीट माहीत आहे. ब्लॉकचेनवर उलट टोकाचा अनुभव आला. ऑक्टोबर 2020 मध्ये युनिस्वॅपचा पहिलाच प्रस्ताव मतदानाला आला. प्रस्ताव मांडायची आणि गणपूर्तीची अट सैल करावी, एवढीच त्याची मागणी. बाजूने 3 कोटी 96 लाखांच्या आसपास मते पडली, विरोधात 7 लाखांहून कमी. तरीही तो पडला, कारण बाजूने 4 कोटी मते हवी होती. अट कडक ठेवली तर कारभार अडतो, सैल ठेवली तर मूठभरांच्या हाती जातो. या कात्रीतून सुटायचे गणित कुठल्याही कोडमध्ये नाही. गैरहजर माणसाला कोणत्या बाजूला मोजायचे, हे शेवटी आकड्याने ठरत नाही, समाज काय महत्त्वाचे मानतो त्यावर ठरते.

याचे महाराष्ट्रातले सर्वात बोलके उदाहरण म्हणजे दारूबंदीचे मतदान. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहो, आडवी बाटली म्हणजे बंद होवो. अट अशी, की झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. जी बाई आली नाही, जी माहेरी गेली, जिचे नाव मृत्यूनंतरही यादीतून निघाले नाही, त्या साऱ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. ही अट अन्यायाची आहे असे मला वाटते, कारण चालू परवान्याला ती न मागता संरक्षण देते. तरीही अनेक गावांतल्या बायकांनी ती ओलांडली. घरोघर फिरून, यादी तपासून, शेतावर गेलेल्या मजूर बायकांना दुपारी परत आणून त्यांनी आकडा गाठला. नंदुरबारच्या परिसरात या जिद्दीला जुनी परंपरा आहे. 1972–73 च्या सुमारास शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या भिल्ल बायकांनी दारूच्या भट्ट्यांवर चालून जाऊन मडकी फोडली होती, तेव्हा कोणतीही मतपत्रिका त्यांच्या हाती नव्हती. प्रस्ताव आधी रस्त्यावर तयार झाला आणि कायदा बऱ्याच वर्षांनी त्याच्या मागून आला.

शहाद्याची ती चळवळ आणखी एका कारणासाठी आठवायला हवी. 1971 साली पाटीलवाडीचा गोळीबार झाला, 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि अंबरसिंग महाराजांच्या प्रेरणेने आदिवासी शेतमजूर उभे राहिले. त्या वेळी प्रौढ मताधिकार येऊन वीस वर्षे होत आली होती. ग्रामपंचायती होत्या, निवडणुका होत होत्या. पण जमीन सावकाराकडे आणि बड्या बागायतदारांकडे गेलेली, आणि सालगडी ज्याच्या शेतावर राबे त्याच्याच समोर हात वर करून मत देणार. माणसागणिक मत ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही, हे शहाद्याने दाखवले. आणि जिथे मुळात विचारलेच जात नाही, तिथे काय होते हे नर्मदेकाठच्या गावांनी पाहिले. 1979 च्या डिसेंबरात नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा आला, त्यामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे सरदार सरोवराच्या बुडितात गेली. मणिबेलीपासून वरच्या एकाही गावाच्या सभेपुढे तो प्रस्ताव म्हणून आला नाही. तसा आणण्याची कायद्यात तरतूदच नव्हती.

ती तरतूद पुढे आली. 24 डिसेंबर 1996 रोजी पेसा कायदा झाला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला परंपरा, जंगल, गौण वनोपज, भूसंपादन यांबाबत बोलण्याचा अधिकार मिळाला. महाराष्ट्राचे नियम मात्र 4 मार्च 2014 ला निघाले, म्हणजे सतरा वर्षांहून अधिक काळ कायदा जवळजवळ नुसता कागदावर होता. दरम्यान 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याच्या 2012 मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी बायका हव्यात. नंदुरबारमध्ये 2011 च्या जनगणनेप्रमाणे 69 टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तेव्हा हे नियम इथल्या बहुतेक डोंगराळ गावांच्या रोजच्या जगण्याशी भिडतात. ओडिशात 18 एप्रिल 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नियमगिरीच्या 12 ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. एका बलाढ्य कंपनीचा प्रकल्प डोंगरातल्या लहान वस्त्यांच्या सभांनी थांबवला. तिथे टोकनागणिक मतदान असते, तर निकाल काय लागला असता, हे सांगायला नको.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने त्याहून पुढची गोष्ट शिकवली. शंभरएक घरांचे हे गोंड गाव 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे महाराष्ट्राला माहीत झाले, पण घोषणेपेक्षा त्यांची कामाची रीत अधिक विचार करण्याजोगी आहे. मेंढ्यात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. सहमती झाली नाही तर विषय पुढच्या सभेत जातो. सभेआधी अभ्यास गट त्या विषयाची माहिती गोळा करतो आणि चर्चा करतो, तिथे मात्र निर्णय घ्यायचा नसतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून ही पद्धत घडत गेली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि 2013 मध्ये गावाने जमिनीची खासगी मालकी सोडून ग्रामदानाचा मार्ग धरला. इतका मोठा निर्णय 51 विरुद्ध 49 असा घेतला असता, तर तो टिकला नसता.

काठावरच्या बहुमताने काय होते, हे ब्लॉकचेनवर दिसले. जुलै 2024 मध्ये 'कंपाउंड' या कर्जव्यवहाराच्या संस्थेत एक प्रस्ताव 6 लाख 82 हजार विरुद्ध 6 लाख 33 हजार अशा फरकाने मंजूर झाला. त्यात सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर किमतीची टोकने एका बड्या गुंतवणूकदाराच्या गटाने चालवलेल्या योजनेत टाकायची होती. आधीचे असे प्रयत्न फसले होते. या वेळी त्याने बाजारातून टोकने जमवली, मतदान शनिवार-रविवारवर सरकले आणि निकाल लागला. पुढच्या दोन दिवसांत संस्थेला त्याच्याशी वाटाघाटी करून मार्ग काढावा लागला. जी बोलणी आधी व्हायला हवी होती, ती ठराव मंजूर झाल्यावर झाली. मेंढ्याच्या अभ्यास गटाची किंमत इथे कळते. मत देण्याआधी विरोधकाचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची सक्ती असेल, तर सभा लांबते, पण निकालानंतर संस्था फुटत नाही.

यावर एक मोठा आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्रामसभा खरोखर तशा चालतात का? बऱ्याच गावांत सभा होते चार माणसांची, आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिले जाते 'ठराव सर्वानुमते मंजूर'. सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्यांची नावे येतात, त्यांना ती नंतर कळतात. सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात. महत्त्वाचे विषय 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली सरकतात. मग ठराव ब्लॉकचेनवर नोंदवले, तर निदान नंतर पाने बदलता येणार नाहीत, असे आक्षेपक म्हणतील. त्यात तथ्य आहे. 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागाने 65 हजार जातीचे दाखले 'पॉलिगॉन' ब्लॉकचेनवर नोंदवले, ते खोट्या दाखल्यांना आळा बसावा म्हणून. दाखला एकदा योग्य माणसाला योग्य चौकशी करून दिला असेल, तर तो बदलता न येणे हा गुणच आहे. पण खोटी सभा न पुसता येण्याजोगी नोंदली, तर खोटेच न पुसता येण्याजोगे होईल. मार्च 2023 च्या अखेरीस 'आर्बिट्रम' या ब्लॉकचेन प्रकल्पाच्या प्रतिष्ठानने सभासदांपुढे पहिला प्रस्ताव ठेवला, त्यात 75 कोटी टोकने प्रतिष्ठानला देण्याची तरतूद होती. मतदान चालू असतानाच उघड झाले, की त्यातली 5 कोटी आधीच हलवली आहेत. प्रतिष्ठानचे म्हणणे असे, की ही परवानगी नव्हती, आधी घेतलेल्या निर्णयाला दिलेली मान्यता होती. गावातल्या कोणत्याही सरपंचाला हे स्पष्टीकरण ओळखीचे वाटेल. सभासद खवळले, प्रस्ताव मागे घेऊन त्याचे तुकडे करावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात 'टॉर्नेडो कॅश' या ब्लॉकचेनवरच्या प्रकल्पात एक प्रस्ताव आधीच्या प्रस्तावासारखाच आहे असे सांगून मांडला गेला, लोकांनी कोड न वाचता मत दिले, आणि आत लपवलेल्या कलमाने हल्लेखोराला 12 लाख मते बहाल केली. प्रोसिडिंग न वाचता सही करणे आणि कोड न वाचता मत देणे, यांत फरक कोणता?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. इंटरनेटवर माणसागणिक मत देताच येत नाही, कारण एक माणूस हजार वॉलेट उघडू शकतो, म्हणून टोकनागणिक मत ही नाइलाजाची तडजोड आहे, असे जाणकार सांगतात. हे मला मान्य आहे. पण मग ती तडजोड म्हणूनच सांगितली पाहिजे, लोकशाहीची सुधारित आवृत्ती म्हणून नव्हे. ग्रामसभेला ही अडचण येत नाही, कारण तिथे माणसे एकमेकांना ओळखतात. दवंडी ऐकून आलेला माणूस कोणत्या पाड्यावरचा, कुणाचा मुलगा, हे विचारावे लागत नाही. लहान आकार ही ग्रामसभेची मर्यादा मानली जाते, खरे तर तीच तिची सगळ्यात मोठी ताकद आहे. निनावीपणा हवा असेल तर त्याची किंमत म्हणून मत पैशाच्या हाती जाते. ही किंमत काही व्यवहारांत देण्याजोगी असेल. पाणी, जंगल, जमीन यांच्या बाबतीत ती देण्याजोगी नाही.

तिसरे म्हणणे असे, की ब्लॉकचेनवर न पटलेल्या सभासदाला वेगळे होता येते. 17 जून 2016 रोजी 'इथेरियम' या ब्लॉकचेनवरच्या 'द डीएओ' या पहिल्या मोठ्या संस्थेच्या कोडमधल्या त्रुटीतून 36 लाख ईथर (इथेरियमचे चलन) निघून गेले. ते परत आणण्यासाठी इथेरियमचा इतिहासच बदलावा का, यावर घेतलेल्या कौलात सुमारे 87 टक्के मते बदलाच्या बाजूने पडली, पण मत देणारे ईथर एकूणाच्या पाच-सहा टक्केच होते. 20 जुलैला बदल झाला. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांनी जुनी साखळी 'इथेरियम क्लासिक' नावाने चालू ठेवली. वेगळे होण्याचा हा हक्क मोठा आहे, हे मान्य. पण पेसाच्या नियमांतही त्याला जागा आहे. सातपुड्यात वस्ती विखुरलेली, एका महसुली गावात दूरदूरचे पाच-सात पाडे. त्यामुळे मोठ्या गावठाणात भरणाऱ्या सभेत डोंगरातल्या पाड्याचा आवाज बुडतो. 2014 च्या नियमांप्रमाणे पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून आपल्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते, आणि मग त्यांची स्वतःची ग्रामसभा होते. फरक असा, की इथे वेगळे होणाऱ्यांना नदी, वाट आणि कुरण शेजाऱ्यांशी वाटूनच घ्यावे लागते. साखळीची दुसरी प्रत काढता येते, ओढ्याची काढता येत नाही.

म्हणून तंत्रज्ञान नाकारावे असे मी म्हणत नाही, त्याची जागा ठरवावी असे म्हणतो. 2015 पासून पेसा गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला 5 टक्के अबंध वाटा थेट मिळू लागला. तो ग्रामसभेच्या कोषात येतो आणि त्याच्या खर्चाचा ठराव गावाने करायचा असतो. या कोषाचा प्रत्येक जमाखर्च कुणालाही मोबाइलवर पाहता येईल आणि मागाहून खोडता येणार नाही अशा नोंदीत ठेवला, तर त्याचा फायदा स्पष्ट आहे. ठराव मंजूर झाल्यापासून पैसे खर्च होईपर्यंत ठरलेले दिवस थांबायचे, ही ब्लॉकचेनची रीतही गावाने उचलावी, कारण तेवढ्या काळात चुकीच्या ठरावावर हरकत घेता येते. मत मात्र सभेत बसलेल्या माणसाकडेच राहिले पाहिजे. आणि मतदानाच्या आधीची पायरी, म्हणजे सभा कोण बोलावतो आणि केव्हा, तिच्याकडे सर्वात जास्त लक्ष द्यायला हवे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा आहे, आणि प्रघाताने त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी भरतात. दिवाळीनंतर नंदुरबारच्या गावांतली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षातल्या चारपैकी दोन सभा नेमक्या तेव्हा येतात, जेव्हा सर्वात गरीब सभासद गावात नसतात. गणपूर्ती भागते आणि ठराव होतात. अंदाजपत्रकाचे, लाभार्थी निवडीचे, जंगलाच्या आराखड्याचे मोठे विषय पोळा ते दसरा या काळात घ्यायला कायद्याची काहीही आडकाठी नाही. फक्त तसा ठराव आधी एका सभेत मांडावा लागेल, आणि तो मांडताना उसाच्या फडावर गेलेली माणसे घरी परतलेली असली पाहिजेत.